साप पुढे कसा सरकतो आणि मऊ रोबोट त्याच्याकडून काय शिकतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर घरात धामण शिरलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. अंगणातल्या मातीवरून बघता बघता दिसेनाशी होणारी ती धामण चकचकीत टाइल्सवर आली की जागच्या जागी वळवळत राहते. अंग तेच, ताकद तीच, अंगातून जाणारी लाटही तीच. फक्त पुढे सरकणं थांबलेलं असतं.

मी सिलिकॉनचे मऊ रोबोट ओततो, त्यातही सापासारखे. इंजिनिअरिंगची मुलं, सर्पमित्र, शाळेतले शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. धामणीचं ते टाइल्सवरचं वळवळणं मात्र शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवा. सापाची चाल जेवढी त्याच्या स्नायूंत आहे, तेवढीच पोटाच्या कातडीत आणि त्या कातडीखालच्या जमिनीत आहे, हे मला या कामाने शिकवलं, आणि पुढची बहुतेक उत्तरं तिथेच येऊन पोचतात.

पाय नाहीत, मग साप रेटा देतो तरी कशाने?

कुशीने. साप अंगाची वळणं करतो आणि प्रत्येक वळणाची मागची बाजू दगडाला, गवताच्या बुंध्याला, मातीच्या उंचवट्याला टेकवून रेटतो. डाव्या वळणाचा रेटा सापाला उजवीकडे ढकलू पाहतो, उजव्या वळणाचा डावीकडे. हे आडवे रेटे एकमेकांना खाऊन टाकतात आणि पुढे ढकलणारा भाग तेवढा बाकी राहतो. लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते, साप मात्र उलट दिशेने, म्हणजे पुढे जातो. मान ज्या वाटेने गेली त्याच वाटेने पोट जातं, शेपूटही जाते.

केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी १९४६ साली हे नीट मांडून दाखवलं. खुंट्या रोवलेल्या पाटावर साप सोडून त्यांनी पाहिलं की असं सरकायला निदान तीन ठिकाणी टेकू लागतो. एका टेकूवर साप गरकन फिरेल, दोनांवरही तोल जमणार नाही. तिसरा मिळाला की वाट ठरते.

पण सपाट जमिनीवर, जिथे खडा नाही की गवत नाही, तिथे काय?

तिथे कातडी कामाला येते. कुंपणाशी कधी सापाची कात दिसली तर तिथेच बसून नीट बघा. कात मोज्यासारखी उलटी होऊन निघते, म्हणून आपल्याला दिसते ती बहुतेक वेळा आतली बाजू असते. तिचा थोडा भाग सरळ करून घ्या. पाठीवर बारीक बारीक खवले असतात, पोटावर मात्र रुंद आडवे पट्टे, कौलांसारखे एकावर एक चढवलेले. डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवा, गुळगुळीत लागेल. शेपटीकडून डोक्याकडे फिरवा, पट्ट्यांच्या कडा बोटाला अडतील.

म्हणजे एकच अंग, पण घर्षण दिशेप्रमाणे वेगळं. पुढे घसरायला सोपं, मागे घसरायला जड, आणि आडवं घसरायला सगळ्यांत जड. डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मिल्क स्नेक या अमेरिकी सापावर हे मोजलं. कापडावर आडव्या दिशेचं घर्षण पुढच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट निघालं. त्यांनी आणखी एक साधी, सुंदर गोष्ट केली. सापाला कापडाची बाही घातली. बाहीचं कापड सगळीकडे सारखंच घसरतं. त्या बाहीत साप वळवळला खूप, पण पुढे गेला नाही.

टाइल्सवरच्या धामणीचं तेच होतं. पट्ट्यांच्या कडांना अडकायला खरखरीतपणा लागतो आणि टाइलवर तो नसतो. सर्पमित्र मंडळींनी फरशीवर गोणपाट टाकलं की साप एकदम मार्गी लागतो, ते यामुळेच.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट रोबोट बनवणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. साप सगळं अंग सारखं टेकवून ठेवत नाही. वळणांचे बाहेरचे भाग किंचित उचलतो आणि वजन तिथे टाकतो जिथे पकड हवी. उचल इतकी बारीक असते की वरून बघून कळतही नाही.

सगळे साप एकाच पद्धतीने चालतात का?

नाही. पुस्तकांत चार चाली दिलेल्या असतात. नागमोडी चाल वर सांगितलीच. बाकीच्या तीन आपल्याकडच्या सापांतच बघायला मिळतात.

अजगर सरळ रेषेत जातो, काठी कुणी ओढत न्यावी तसा. तीच गोष्ट निवांत चाललेल्या घोणशीची. त्यात वळण नाही, वळवळ नाही.

फुरसं घाईत असलं की आडवं जातं. कोकणातल्या कातळावर, सैल मातीत ते पाहण्यासारखं असतं. अंगाचे एकदोन तुकडेच जमिनीला टेकलेले, बाकीचं अंग उचललेलं, आणि टेकलेला तुकडा अजिबात घसरत नाही. रणगाड्याचा पट्टा जसा जमिनीवर अंथरला जातो आणि मागून उचलला जातो, तसं अंग अंथरलं जातं आणि उचललं जातं. मागे एकापुढे एक तिरप्या समांतर रेघा उमटतात. ही चाल म्हणजे दोन लाटांची जोडी आहे. एक लाट आडवी, दुसरी उभी, आणि दुसरी पहिलीपेक्षा पाव फेरीने मागे.

तिसरी चाल घडीची. शेपटीकडचा भाग घड्या घालून भिंतीला दाबून धरायचा, डोकं पुढे टाकायचं, मग पुढचा भाग दाबायचा आणि मागचा ओढून घ्यायचा. बिळात, पाइपात, झाडाच्या खोडावर ही चाल उपयोगी पडते, पण फार महाग. १९९० साली प्राणवायूचा खर्च मोजून दाखवलं गेलं की तेवढ्याच अंतराला घडीच्या चालीला नागमोडीच्या सातपट ऊर्जा लागते.

या चालीचा मला सगळ्यांत आवडणारा नमुना सह्याद्रीतल्या मातीत राहतो. त्याचं नाव खापरखवल्या. हा बुटका, बिनविषारी साप जमीन पोखरताना बाहेरून सरळच दिसतो, पण त्याचा कणा कातडीच्या आतल्या आत घड्या घालतो. घडी पडली की अंग तेवढ्या जागी जाड होतं आणि बिळाच्या भिंतीत पाचरीसारखं घट्ट बसतं. बसलं की त्या आधारावर डोकं पुढे माती भेदतं. फुगून धरणं आणि आक्रसून सोडणं, एवढंच. हवेवर चालणाऱ्या मऊ रोबोटला यापेक्षा जवळचा गुरू नाही.

चार चाली ही खरं तर ढोबळ विभागणी आहे. ग्वाम बेटावरचा तपकिरी वृक्षसर्प जाड खांबाभोवती अंगाचा फास टाकून त्या फासाच्या आधारे वर सरकतो, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी हे कुणाच्या यादीत नव्हतं.

साप बरगड्यांवर चालतो हे खरं का?

खोटं, पण समज जुना आहे. एव्हरार्ड होम यांनी १८१२ साली असंच लिहिलं होतं आणि अजगराचं सरळ सरकणं बघून तसं वाटणं साहजिकही आहे. हान्स लिसमान यांनी १९५० साली दाखवलं की बरगड्या पायांसारख्या पुढेमागे होत नाहीत. हलते ती पोटाची कातडी. बरगड्यांपासून कातडीपर्यंत स्नायूंच्या तिरप्या पट्ट्या असतात. काही पट्ट्या कातडी पुढे ओढतात, काही मागे. टेकलेली कातडी जमिनीवर स्थिर राहते आणि तिच्यावरून आतला सांगाडा पुढे ओढला जातो. २०१८ साली न्यूमन आणि जेन यांनी स्नायूंतले विद्युत संकेत मोजून कोणता पट्टा कधी ओढतो तेही सांगितलं.

नागमोडी हालचाल गणितात कशी मांडतात? फार अवघड आहे का?

घाटात गाडी चालवली असेल तर तुम्हाला ती येते. एकाच वेगाने गाडी चालली आहे आणि तुम्ही स्टिअरिंग हळूहळू डावीकडे पूर्ण, मग हळूहळू मध्ये, मग उजवीकडे पूर्ण, मग परत मध्ये, असं एका लयीत फिरवता आहात. गाडी जी वाट काढेल ती सापाची वाट. रस्त्याची वक्रता साइन लाटेप्रमाणे बदलते. नुसती साइन लाट कागदावर काढली तर ती सापासारखी दिसत नाही. रस्ता साइन नसतो, स्टिअरिंग साइन असतं.

हे शिगेओ हिरोसे यांनी टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत खऱ्या सापांवरून शोधलं आणि १९७२ साली त्यावर चालणारा पहिला सापरोबोट तयार केला. एसीएम थ्री हे त्याचं नाव. लांबी दोन मीटर, सांधे २०, वेग सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर.

प्रोग्राममध्ये ते एका ओळीत बसतं. प्रत्येक सांध्याला एकच साइन लाट द्यायची, फक्त मागच्या सांध्याला ती थोडी उशिरा. आठ सांधे असतील आणि प्रत्येक सांध्याला ४५ अंशांचा उशीर दिला, तर आठ गुणिले पंचेचाळीस म्हणजे ३६० अंश, अंगावर बरोबर एक पूर्ण लाट. वळायचं असेल तर सगळ्या सांध्यांना एकाच बाजूला थोडा जास्तीचा कोन द्यायचा. उशिराचं अधिक-उणे चिन्ह उलटं केलं की लाट शेपटीकडून डोक्याकडे जाते आणि साप मागे येतो. पोरांना हे पहिल्यांदा चालताना दिसतं तेव्हाचा आनंद मी दर वर्षी पाहतो आणि दर वर्षी मलाही तेवढाच होतो.

मोटारी बसवलेले कडक सापरोबोट आहेतच. मग मऊ कशाला?

कडक सापरोबोटांनी खूप काम केलं आहे आणि ते कमी लेखू नये. कार्नेगी मेलन विद्यापीठात हाउई चोसेट यांच्या गटाचे साप पाइपातून चढतात, खांबाला वेटोळं घालून वर जातात. फुरशासारखी आडवी चाल वाळूच्या उतारावर त्यांना जमत नव्हती. मग २०१४ साली अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयातल्या साइडवाइंडर या वाळूत आडवं चालणाऱ्या अमेरिकी सापांचं निरीक्षण झालं. उतार वाढला की ते साप अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतात, एवढंच गुपित होतं. रोबोटला तेच शिकवलं आणि तोही चढू लागला. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचा ईल्स हा सुमारे चार मीटर लांब, शंभर किलोचा सापरोबोट कॅनडातल्या अथाबास्का हिमनदीवर तपासला गेला. शनीच्या एन्सेलाडस चंद्रावरच्या बर्फाच्या भेगांत उतरायचं हे त्यामागचं स्वप्न. त्याच्या अंगाभोवती स्क्रूसारखे फिरणारे आटे आहेत.

मऊपणाचं कारण दुसरं आहे. सापाच्या कण्यात जातीप्रमाणे साधारण २०० ते ४०० मणके असतात, माणसाच्या ३३ च्या तुलनेत. एकेक सांधा थोडासाच वाकतो, पण सगळे मिळून दोरीसारखं अंग तयार होतं. मोटारी लावून तेवढे सांधे बनवणं शक्य नाही. वजन, वायरी, किंमत, सगळंच आवाक्याबाहेर जातं. रबराच्या नळीला मात्र सांधेच नसतात, ती कुठेही वाकते. शिवाय दगड आडवा आला की कडक रोबोटला तो कळावा लागतो, मग हिशेब, मग सांध्यांना नवे कोन. मऊ अंग दगडाला टेकतं आणि त्याच्या आकाराने वळतं. तो हिशेब अंगच करून टाकतं.

मोटर नाही, मग मऊ रोबोट वाकतो कसा?

गच्चीवर पापड वाळत घातलेले आठवा. उन्हाकडची बाजू आधी आक्रसते, खालची तशीच राहते, आणि पापड वळतो. एक बाजू लांब, एक आखूड, की वस्तू वाकलीच पाहिजे.

सिलिकॉनच्या पट्टीत एका बाजूला हवेचे कप्पे ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला कापड किंवा कागद पुरायचा, जो वाकतो पण ताणला जात नाही. हवा भरली की कप्प्यांची बाजू लांबते, कापडाची लांबत नाही, पट्टी कापडाकडे वळते. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २०११ साली अशाच कप्प्यांचा चार पायांचा मऊ रोबोट अरुंद फटीखालून सरपटवून दाखवला आणि या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. जपानमध्ये कोइची सुझुमोरी हवेवर वळणारी रबरी बोटं त्याच्या वीस वर्षं आधी बनवत होते.

सापासाठी कापड मधोमध घाला आणि दोन्ही बाजूंना कप्पे ठेवा. डावा फुगला की अंग उजवीकडे, उजवा फुगला की डावीकडे. चाग्दाश ओनाल आणि डॅनिएला रस यांनी एमआयटीत असेच चार तुकडे एकापुढे एक जोडून मऊ साप केला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. चार तुकडे आणि एक लाट म्हणजे तुकड्यागणिक ९० अंशांचा उशीर. नुसते उघडझाप करणारे व्हॉल्व्ह असले तरी एवढ्यात काम भागतं.

फुग्याचा एक स्वभाव इथे आडवा येतो. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यांत जड जाते आणि मग तो एकदम सोपा होतो. सिलिकॉनच्या कप्प्यात जिथे भिंत पातळ, तिथे हेच होतं. एका ठिकाणी गाठ आल्यासारखा फुगवटा येतो, सगळी हवा तिथेच धावते, आणि बाकीचा साप आडवा पडून राहतो. उपाय जुना आहे. भोवऱ्याला दोरी गुंडाळतात तसा अंगाभोवती दोरा गुंडाळायचा. दोरा जाडीला फुगू देत नाही, मग हवेला लांबीकडेच जावं लागतं.

सिलिकॉन चिकटच राहिलं, सुकलंच नाही. काय चुकलं?

हातमोजे बघा. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाला फार नाजूक असतं. लेटेक्सच्या हातमोज्यांचा स्पर्श, गंधक असलेली मॉडेलिंगची माती, रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेला साचा, यातलं काहीही पृष्ठभाग चिकट ठेवायला पुरतं. माझा पहिला साप असाच गेला. रात्री ओतला, सकाळी साचा उघडला, आत सगळं नीट आणि साच्याला लागलेला थर मधासारखा. आठवडाभर मी प्रमाणाला दोष देत राहिलो. नायट्राइलचे हातमोजे आणले आणि पुढचा साप पहिल्याच ओतकामात निघाला. लेटेक्सच्या हातमोज्यांत सिलिकॉन कालवू नका, एवढं मनापासून सांगतो.

बाकी दोन गोष्टी. कालवलेल्या मिश्रणातले बुडबुडे निर्वात भांड्यात काढून घ्या. राहिलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे पुढचं भोक. आणि तयार तुकडा थोडी हवा भरून, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा, बादलीत बुडवा. बुडबुड्यांची माळ कुठून निघते ते दिसतं. अगदी मऊ सिलिकॉनला काही दशांश वातावरणाचा दाब पुरतो. सायकलचा पंप सरळ लावलात तर फुटेल.

आमचा साप झकास वळवळतो, पण पुढे जात नाही.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि प्रश्नासोबतच्या व्हिडिओत बहुतेक वेळा टाइल्स असतात. तुमचा साप बाहीतला साप आहे. सिलिकॉन सगळ्या दिशांना सारखंच पकडतं. लाट बरोबर, हवा बरोबर, प्रोग्राम बरोबर, आणि तरी दिशा मिळत नाही, कारण दिशा लाटेत नसतेच. ती घर्षणाच्या फरकात असते.

सोपा उपाय चाकांचा. प्रत्येक तुकड्याखाली अंगाच्या दिशेने फिरणारी लहान बिनमोटरची चाकं लावा. पुढे सहज, आडवं जड. हिरोसेंच्या रोबोटला अशीच चाकं होती, ओनाल आणि रस यांच्या मऊ सापालाही. पहिला साप चाकांवरच करा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा उपाय मला जास्त प्रिय आहे. हार्वर्डमध्ये अहमद रफसंजानी, कातिया बर्तोल्डी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्लास्टिकच्या पातळ शीटला लेझरने खाचा पाडल्या आणि ती शीट रबरी नळीभोवती गुंडाळली. गणपतीच्या सजावटीत कागद दुमडून कापतो आणि ओढला की जाळी उघडते, तीच युक्ती. हवा भरून नळी लांबली की खाचा खवल्यांसारख्या उभ्या राहतात आणि जमिनीत रुततात. हवा सोडली की रुतलेल्या खवल्यांच्या आधाराने अंग पुढे ओढलं जातं आणि खवले परत आडवे होतात. त्यांनी खाचांचे वेगवेगळे आकार करून पाहिले, त्यांत समलंब चौकोनी खाचांनी सर्वाधिक अंतर कापलं. एकच कप्पा, एकच व्हॉल्व्ह, आणि सगळी अक्कल कातडीत.

तिसरी गोष्ट सावध राहण्याची. एकदा आम्ही फुगवटा थांबवायला दोरा बाहेरून गुंडाळला आणि तो उघडाच ठेवला. अंगभर आडव्या बारीक कडा झाल्या. साप चटईवर सोडला आणि तो मागे गेला, शेपूट पुढे करून. प्रोग्राम तीनदा तपासला. चूक तिथे नव्हतीच. आडव्या कडांमुळे अंगाच्या दिशेने घसरणं जड झालं होतं आणि कुशीवर घसरणं सोपं, म्हणजे सापाच्या नेमकं उलट. घर्षणाचा तराजू पालटला की तीच लाट उलटी चाल देते. समुद्रकाठच्या चिखलातले काही केसाळ किडे असेच लाटेच्या दिशेने पोहतात. दोऱ्यावर सिलिकॉनचा पातळ थर दिला, पोटाला चाकं लावली, साप सुतासारखा सरळ चालला.

निसर्गातही कातडी चालीप्रमाणे बदलते. बहुतेक सापांच्या पोटाच्या खवल्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली मागे वळलेले बारीक काटे दिसतात. वाळूत आडवं चालणाऱ्या अमेरिकी आणि आफ्रिकी सापांत ते जवळपास नाहीसे झालेले आढळले, त्यांच्या जागी बारीक खळगे आहेत. आडव्या चालीला पुढची-मागची ओढ नकोच असते.

मऊ साप एवढा हळू का?

नळीमुळे, बहुतेक वेळा. कप्पा भरायला आणि रिकामा व्हायला वेळ लागतो. बारीक नळीतून हवा संथ वाहत असेल तर नळीचा व्यास निम्मा केला की अडथळा सोळापट होतो. म्हणून कंप्रेसर मोठा आणण्याआधी नळी रुंद करा, आखूड करा, आणि व्हॉल्व्ह जमलं तर सापाच्या अंगावरच बसवा. हवा सोडण्याची वाटही तेवढीच मोकळी हवी, ते सगळे विसरतात.

ढिगाऱ्याखालच्या माणसांना शोधायला हे वापरतात का?

सुरुवात झाली आहे. सप्टेंबर २०१७ च्या मेक्सिको सिटीतल्या भूकंपानंतर कार्नेगी मेलनचा सापरोबोट कोसळलेल्या इमारतीत आत पाठवला गेला. कुणी जिवंत सापडलं नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. सहा इंची नळीतून कॅमेरा आत गेला आणि त्यांचे चेहरे दिसले, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. नळी आधीच आरपार होती म्हणून कॅमेरा गेला. नळी नसताना, ढिगाऱ्याच्या फटीफटीतून तसा कॅमेरा नेता यावा, यासाठी ही सगळी धडपड आहे.

त्यासाठी मला सर्वांत आशा वाटते ती वेलीसारख्या रोबोटची. एलियट हॉक्स, ॲलिसन ओकामुरा आणि त्यांच्या गटाने तो २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये दाखवला. कात मोज्यासारखी उलटी निघते हे वर सांगितलं. या रोबोटचं तसंच, पण पुढच्या दिशेने. प्लास्टिकची पातळ नळी आत दुमडून ठेवलेली असते आणि हवा भरली की ती टोकाकडून उलगडत बाहेर येते. टोक पुढे जातं, बाकीचं अंग आहे तिथेच राहतं, त्यामुळे घासायचं कुणाशीच नाही. चिकट पट्टी असो, खिळे असोत, अंग घसरतच नाही तर अडकेल कुठे? त्यांची नळी ७२ मीटरपर्यंत वाढली. पेरूतल्या चाविन दे वांतार या प्राचीन स्थळी, माणूस शिरू शकत नाही अशा अरुंद बोळांतही असा रोबोट पाठवून आतलं चित्रण झालं. साप घर्षण वापरतो, वेल घर्षण टाळते. दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

प्रयोगासाठी साप पकडून ठेवू का?

नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे सापांना संरक्षण आहे, आणि सापाला त्यात त्रासच आहे. लांबून काढलेला चांगला व्हिडिओ पुरतो.

सुरुवात कुठून करू?

साच्यापासून नको, पाटापासून करा. स्वयंपाकघरातला पोळपाट घेतला तरी चालेल. ज्या जमिनीवर साप चालवायचा आहे, चटई, गोणपाट, सिमेंट, त्याचा तुकडा पाटावर चिकटवा. सापाला जी कातडी लावणार आहात तिचा तुकडा लहानशा वजनाखाली चिकटवून पाटावर ठेवा. पाटाची एक बाजू हळूहळू उचला आणि तुकडा घसरायला लागतो तो कोन कोनमापकाने मोजा. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. कातडीचं तोंड उताराकडे ठेवून एकदा, उलटं ठेवून एकदा, आडवं ठेवून एकदा, आणि प्रत्येक वेळी निदान पाच मोजमापं. समजा पुढे १० अंशांवर घसरलं आणि आडवं २० अंशांवर, तर घर्षणांक ०.१८ आणि ०.३६ आले. म्हणजे दुप्पट, मिल्क स्नेकच्या जवळपास. तिन्ही दिशांचे कोन सारखेच आले तर कातडी बदला आणि पाट पुन्हा उचला. सिलिकॉनचा डबा तोवर बंदच राहू द्या.